तिचं तोंड कुठं आहे?

मैत्रिणींनो, खरं सांगा हं. दुपारची आवराआवर झाली आहे, मुलं शाळेतून यायला अजून तासभर आहे, अशा वेळी तुम्ही टीव्हीवर काय लावता? कुणी मालिका लावत असेल, कुणी पाककृती, कुणी नुसतीच गाणी लावून मेथी निवडत बसत असेल. मी कार्टून लावते. मुलांसाठी नाही, माझ्यासाठी! शेजारच्या वहिनी एकदा विरजण मागायला आल्या. पडद्यावर टॉम मांजर आणि सोफ्यावर मी एकटी, असं दृश्य पाहून त्या म्हणाल्या, "मुलांना सुट्टी वाटतं आज?" मी "नाही" म्हटलं. त्यावर त्या अशा हसल्या, की जणू मी लेकीची भातुकली मांडून एकटीच खेळत होते.

हसू देत. पण गेली दोन-तीन वर्षं ही लहानपणची कार्टून पुन्हा बघताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. तेव्हा जी जीव की प्राण होती, त्यातली निम्मी आता दहा मिनिटं बघवत नाहीत. आणि तेव्हा जी आली की आम्ही पाणी प्यायला उठायचो, त्यांच्यापुढून आता हलवत नाही. कपड्यांची आवड बदलते, भाज्यांची बदलते (लहानपणी कारलं कोण खात होतं?), तशी ही आवडही बदलणारच. पण ती नेमकी कशानं बदलली, याचा मी जरा विचार केला, तो तुमच्यापुढं मांडते.

आमच्या वयाच्या बायकांना आठवत असेल, १९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी 'जंगल बुक' लागायचं. गुलजारांचं ते चड्डीवालं गाणं सुरू झालं की गल्ली ओस पडायची. शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा, हे आम्हाला कितीतरी उशिरा कळलं. ती मालिका जपानमध्ये तयार झालेली, हे तर त्याहून उशिरा. मग रविवारचीच 'डक टेल्स' आणि 'टेल स्पिन' आली, आणि १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं. आमच्या गावात केबलवाल्यानं ते घेतलं तेव्हा वडिलांनी आधी नाक मुरडलं. नंतर तेच आमच्याबरोबर टॉम अँड जेरी बघायला बसू लागले. रात्री त्याच चॅनलवर जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, की आमची पांगापांग!

त्या चॅनलवर तेव्हा सगळं एकच वाटायचं. टॉम अँड जेरी, योगी अस्वल, फ्लिंटस्टोन्स, स्कूबी-डू, सगळी एका माळेतली. आणि गंमत म्हणजे ती खरोखरच एका घरातली होती. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी १९४० साली एमजीएम या सिनेमा कंपनीत टॉम अँड जेरी सुरू केलं. त्या जोडीनं १९५८ पर्यंतच्या ११४ भागांत सात ऑस्कर मिळवले. १९५७ मध्ये कंपनीनं कार्टूनचं खातं बंद केलं आणि हे दोघे आपली स्वतःची कंपनी काढून टीव्हीकडं वळले. योगी, फ्लिंटस्टोन्स आणि स्कूबी-डू ही या दुसऱ्या संसारातली मुलं.

दोन्ही संसारांतला फरक आता डोळ्यांना बोचतो. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन-दोन चौकटी धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. म्हणजे सात मिनिटांच्या एका कार्टूनला हिशेबानं पाच हजारांच्या घरात चित्रं! मुलांच्या जुन्या वहीच्या कोपऱ्यात चेंडू काढून पानं फर्रकन उलटायचा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. वीस पानांतच हात दुखतात, तर पाच हजारांचं काय बोलावं! सिनेमाच्या पैशात ते परवडायचं, टीव्हीच्या पैशात कुठून परवडणार? मग काटकसर आली. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो, माहीत आहे? अंगाचं चित्र तेच ठेवायचं, फक्त डोकं बदलायचं, आणि जोड कॉलरखाली झाकायचा. स्कूबी आणि मंडळी भुताला घाबरून पळतात तेव्हा मागची तीच खिडकी नि तेच दार पुन्हा पुन्हा येतं. लहानपणी आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. भूत कोण, एवढाच ध्यास! आता मी खिडक्या मोजते आणि भूत विसरते.

या काटकसरीला मी नावं ठेवत नाही. उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी आपणही करतोच, आणि ती चविष्टही लागते. पण रोज तीच ताटात आली तर कळतं ना? त्याउलट १९४७ चं ते टॉमच्या पियानोवादनाचं कार्टून बघा. टॉम कोट-बिट घालून मैफलीला बसला आहे, लिस्ट नावाच्या संगीतकाराची रचना वाजवतो आहे, आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला. सबंध कार्टूनमध्ये बोलणं नाही, पण टॉमची बोटं पाहिलीत तर पेटी शिकलेली कुणीही म्हणेल, की काढणाऱ्यानं वाजवणाऱ्याचे हात नीट न्याहाळले आहेत. लहानपणी आम्ही तो शेवटी कसा आपटतो, याची वाट बघत असू. आता मी बोटांकडं बघते.

टॉम अँड जेरीचे काही भाग मात्र तेव्हाही अंगावर यायचे. रंग उदास, आवाज विहिरीतून आल्यासारखे, टॉमची हालचाल तुटक, आणि त्याचा मालक असा तापट की बघून पोटात गोळा यावा. ते लागलं की माझा धाकटा भाऊ चॅनल बदलायला सांगायचा. ते वेगळ्याच हातचे होते, हे मला आता कळलं. १९६१-६२ मध्ये जीन डाइच या दिग्दर्शकानं तेरा भाग केले, तेही अमेरिकेत नव्हे, तर त्या वेळच्या कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये, अगदी थोड्या पैशांत. म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोरांनाही हात बदलल्याचं कळत होतं! आईची आमटी आणि मावशीची आमटी मूल पहिल्या घासाला ओळखतं, तसंच ते.

इथवर सगळं गमतीचं झालं. आता जे सांगायचं आहे ते वेगळं आहे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत लेक माझ्याजवळ येऊन बसली. ती नऊ वर्षांची आहे. तिला शिन-चॅन आवडतो, माझी कार्टून तिला 'जुनाट' वाटतात, पण त्या दिवशी करायला दुसरं काही नव्हतं. टॉमनं काहीतरी फोडलं आणि जिन्यावरून ती बाई उतरली. तुम्हालाही आठवेल. जाडजूड पाय, सपाता, ॲप्रन, हातात झाडू. टॉमला ओरडते, झाडूनं बडवते, घराबाहेर काढते. लेक म्हणाली, "आई, हिचं तोंड कुठं आहे?"

काय सांगू तुम्हाला! मी ही बाई शेकडो वेळा पाहिली असेल, पण हा प्रश्न मला लहानपणी एकदाही पडला नव्हता. आम्हाला ती घराची मालकीण वाटायची. ती मालकीण नव्हती, बहुतेक भागांत ती त्या घरातली कामवाली होती. त्या काळच्या अमेरिकन सिनेमात काळ्या बायकांना जी एकच भूमिका मिळे, जाडी, रागीट, साध्याभोळ्या बोलीत बोलणारी मोलकरीण, तिचाच हा कार्टूनमधला अवतार. १९४० पासून १९५२ पर्यंत ती होती, आणि तिथल्या काळ्या लोकांच्या संघटनेनं अशा चित्रणाला विरोधही केला होता. तिला आवाज दिला लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीनं. कार्टूनच्या सुरुवातीला जी नावं येतात, त्यांत तिचं नाव नसे. १९५० च्या एका भागात ती धावत घरी येते तेव्हा निमिषभर चेहरा दिसतो, तेवढाच. पुढं १९६० च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर दाखवताना काही भागांत तिला काढून तिच्या जागी गोरी, सडपातळ बाई रेखाटली गेली. म्हणजे प्रश्न सोडवला नाही, बाईच बदलली!

नऊ वर्षांच्या मुलीला यातलं किती सांगायचं? आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, मांजराच्या उंचीवरून काढलंय ते. मांजराला पायच दिसणार." तेही खरं आहे. चित्रकाराची ती युक्ती आहेच. पण लेक ऐकेना. "मग कुत्र्याचं तोंड कसं दिसतं? तो पण उंच आहे." यावर ह्यांनी पुन्हा वर्तमानपत्र वर केलं.

तेवढ्यात जपमाळ ओढत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमच्या वाड्यात माजघराच्या दाराला पडदा असायचा. बैठकीत पाव्हणे बसले की त्यांना पडद्याखालून आमचे पायच दिसायचे. पायांवरून म्हणायचे, थोरल्या सूनबाई चहा घेऊन आल्या वाटतं." असं म्हणून त्या हसल्या आणि पुन्हा जप करू लागल्या. मला काही हसू आलं नाही. त्यांच्या वाड्याचं आणि त्या परदेशी बाईचं दुःख एक आहे असं मी म्हणत नाही. तिथं गुलामगिरीपासून चालत आलेलं वर्णाचं ओझं आहे, ते आपल्या पायांच्या मापाचं नाही. पण लेकीला मी काय सांगितलं, ते ऐका. मी म्हटलं, "ज्यांनी हे काढलं त्यांना तिचा चेहरा काढावासा वाटला नाही. ती घरात काम करते, एवढंच त्यांना पुरेसं वाटलं." तिनं विचारलं, "तिला राग नाही आला?" मी म्हटलं, "तिच्यासारख्यांना आला, आणि त्यांनी तो बोलून दाखवला."

त्या दिवसापासून माझी नजर पडद्याच्या मधोमध राहतच नाही. कोपऱ्यात जाते. नोबिताची आई बघा, सदानकदा ॲप्रन बांधलेली आणि सदानकदा ओरडणारी. शिन-चॅनची आई मित्सी बघा, पोराच्या मागं धावून धावून बिचारीचा जीव मेटाकुटीला येतो आणि मुलं खदाखदा हसतात. २००८ पासून आपल्याकडं घरोघरी पोचलेल्या छोटा भीमची टुनटुन मौसी बघा. सगळ्या ढोलकपूरचं बळ हिच्या लाडवांवर आणि चोरीला जातात तेही हिचेच लाडू! (बेसन भाजायला किती वेळ लागतो, हे भीमला कुणीतरी सांगायला हवं.) निदान या तिघींना तोंडं आहेत, हे खरं. मित्सीला तर चांगलंच तोंड आहे, आणि मला ती फार आवडते. माझ्या दोन मैत्रिणींनी 'मुलं उद्धट होतात' म्हणून शिन-चॅन घरात बंद केला. मी केला नाही. चित्रं ओबडधोबड आहेत, भुवया कोळशानं ओढल्यासारख्या आहेत, माझ्या डोळ्यांना ती रुचत नाहीत. पण थकलेली, चिडलेली, सेल दिसला की पाघळणारी, मग पैशांचा हिशेब मांडणारी आई लेकीला दुसऱ्या कुठल्या कार्टूनमध्ये बघायला मिळणार आहे?

कोपऱ्यात बघायची सवय लागली की चित्राच्या मागंही बघावंसं वाटतं. आपण डिस्नेचा १९३७ चा 'स्नो व्हाइट' पाहतो. त्यातली चित्रं पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवायची आणि रंगवायची, हे काम बायकांच्या खात्याकडं होतं. समोरून शाईनं रेघ ओढायची, आणि रंग मात्र उलट बाजूनं भरायचा, म्हणजे कुंचल्याचा फराटा दिसत नाही. बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून हातांत सुती मोजे. ज्यांनी काचेवरच्या चित्रकलेचा क्लास केला असेल, त्यांना ही कसरत कळेल. आणि इतकं करून पडद्यावरच्या नावांत या बायका नाहीत. त्याच कंपनीत चित्रकार म्हणून काम मागणाऱ्या एका तरुणीला १९३८ साली लेखी उत्तर गेलं, की कल्पकतेचं काम आमच्याकडं फक्त तरुण पुरुष करतात. ते पत्र आजही लोक दाखवतात. स्नो व्हाइटच्या गालांवरची लाली आता मला निराळी दिसते.

आपल्याकडंही बघा. 'एक अनेक और एकता' हे छोटं कार्टून आठवतं? चिमण्या जाळ्यासकट उडून जातात ते. आम्हाला ते दोन कार्यक्रमांमधलं भरताड वाटायचं. गाणं मात्र तोंडपाठ. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी ते केलं विजया मुळे या मराठी बाईंनी, चित्रं भीमसेन यांची. अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या त्या आई. २०१९ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. आता ते बघते तेव्हा त्यातला साधेपणा डोळ्यांत भरतो. मोजके आकार, मोजके रंग, आणि एक मोठी बहीण धाकट्याला 'अनेक' म्हणजे काय ते समजावते आहे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळं सांगते, सात मिनिटांत व्याकरण आणि शहाणपण दोन्ही मुलांच्या गळी उतरवणं हे येरागबाळ्याचं काम नोहे.

२०१९ मध्येच राम मोहनही गेले. भारतीय कार्टूनचे ते मोठे जाणते. जपानचे युगो साको यांच्याबरोबर त्यांनी १९९२ चा रामायणाचा कार्टून चित्रपट केला. तो २०२५ च्या जानेवारीत पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा आम्ही सगळे सासूबाईंसह बघायला गेलो. लहानपणी टीव्हीवर मला तो संथ वाटला होता. युद्ध कधी सुरू होतं, एवढंच तेव्हा डोक्यात. आता मोठ्या पडद्यावर त्यातलं आभाळ, अरण्यातला उजेड, हातांनी रंगवलेली झाडं बघत राहिले. मुलगा म्हणाला, "आई, हळू आहे गं." अगदी माझंच लहानपण!

याच राम मोहननी १९९० च्या दशकात युनिसेफसाठी 'मीना' साकारली. पोपट घेऊन फिरणारी, भारतातही शोभेल आणि बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तानातही शोभेल अशी मुलगी. आमच्या शाळेत ती दाखवली होती, आणि खरं सांगते, आम्हाला ती मुळीच आवडली नव्हती. कार्टून म्हणून बसवायचं आणि उपदेश पाजायचा, ही फसवणूक वाटली होती. त्यातल्या एका भागात आंब्याचा मोठा वाटा भावाला आणि धाकटा मीनाला मिळतो. मग दोघं दिवसभर आपापल्या कामांची अदलाबदल करतात आणि भावाची त्रेधा उडते.

गेल्या मे महिन्यात मी तो भाग लेकीला नि मुलाला लावून दिला. चित्रांत हालचाल बेताची, रंग साधे, पण आंबा कापायची ती वेळ आली आणि माझ्या घशाशी काहीतरी आलं. मैत्रिणींनो, आपल्या घरात आंबा चिरताना काय होतं? गालाच्या फोडी मुलांना, उरलेल्या ह्यांना, आणि बाठ आपल्याला. कुणी विचारलं तर आपण काय म्हणतो? "मला बाठच आवडते." माझी आई हेच म्हणायची. तिला खरंच आवडायची का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

भाग संपल्यावर लेक म्हणाली, "चित्रं काही खास नाहीत. आणि सारखी शिकवते ती." मी आग्रह धरला नाही. जेवताना मात्र तिनं माझ्या ताटाकडं बघून विचारलं, "आई, तुला बाठ आवडते म्हणून घेतेस की उरते म्हणून?" मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी हात पुढं केला. "इकडं दे ती. चाळीस वर्षं मी पण आवडते म्हणत होते, आता सवयीनं खरंच आवडायला लागली आहे." मी म्हटलं, "अहो आई, फोड घ्या ना." त्या म्हणाल्या, "फोड तू घे. बाठ मला हवी." आमची दोघींची अशी ओढाताण चालली असताना मुलांनी राहिलेल्या फोडी केव्हा संपवल्या आणि शिन-चॅन केव्हा लावला, ते कळलंच नाही.